इंजिन ऑइल कधी बदलायचं?

ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, हवेत धूळ असते आणि शहरातल्या लष्कर भागाच्या बाजारपेठांत गाडी रांगतच चालते. हे तिन्ही ऑइलला मारक.

● मिनरल ऑइल : साधारण ५,००० किमी.
● सिंथेटिक : साधारण १०,००० किमी.
● गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा.
● लष्कर ते मुरार अशा शहरातल्या छोट्या फेऱ्याच जास्त असतील, तर याहून लवकर.
● ऑइलबरोबर फिल्टरही बदला.
● गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी.
● नुसत्या काळ्या रंगावरून ऑइल खराब ठरत नाही.
● जुनं ऑइल गटारात ओतू नका, वर्कशॉपमध्येच द्या.

ग्रेड आणि मुदतीबाबत गाडीचं मॅन्युअलच प्रमाण माना.