गिऱ्हाईक मोजायचंय? आधी पद्धत ठरवा, भाव नंतर सांगा

सीसीटीव्हीवरून दुकानात किती गिऱ्हाईक आलं ते मोजून देण्याची सर्व्हिस अनेकांना सुरू करायचीय. छान! पण हलणारं पकडायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत.

सगळ्यात स्वस्त बॅकग्राउंड सबट्रॅक्शन. रिकामं दृश्य लक्षात ठेवायचं, वेगळं दिसेल ते हललं असं धरायचं. ओपनसीव्हीमध्ये फुकट आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालतं. पण सावली पडली की तीही गिऱ्हाईक! दोघं चिकटून आले तर एकच. अरुंद दार आणि बरोबर वरून बघणारा कॅमेरा असेल, तर मात्र एवढ्यावर भागतं.

ऑप्टिकल फ्लो (लुकास-कानडे, 1981) काय किती सरकलं ते सांगतो. माणूस की मांजर, ते नाही.

गर्दीत योलोने माणूस ओळखा, ट्रॅकरने नंबर द्या. 2016 चा सॉर्ट वेगवान, पण माणूस खांबाआड जाऊन आला की नवा नंबर, म्हणजे एकाचे दोन. 2017 चा डीपसॉर्ट माणसाचं दिसणंही लक्षात ठेवतो, त्यामुळे हे कमी होतं; मशीन मात्र दणकट लागतं.

आणि लायसन्स वाचा हो. अल्ट्रालिटिक्सचं योलो एजीपीएलखाली येतं: स्वतःचा कोड खुला करा, नाहीतर कमर्शियल लायसन्स विकत घ्या. तो खर्च कोटेशनमध्ये धरलाय का?