राजनिष्ठांच्या कुळकथा

२५ नोव्हेंबर १७८३ रोजी ब्रिटिश फौजांनी न्यूयॉर्क सोडले. अमेरिकेच्या नव्या प्रजासत्ताकाला तो उत्सवाचा दिवस होता. परंतु त्याच वर्षी त्याच बंदरातून हजारो कुटुंबे गलबतांत बसून कायमची परागंदा झाली. ही माणसेही अमेरिकेतच राहणारी होती. वसाहतींनी राजसत्तेविरुद्ध शस्त्र उचलले तेव्हा त्यांनी राजाची बाजू धरली, एवढाच त्यांचा अपराध. इतिहासात त्यांना 'लॉयलिस्ट' म्हणजे राजनिष्ठ असे म्हणतात. सुमारे साठ हजार राजनिष्ठ देशोधडीला लागले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आजच्या कॅनडात गेले. नोव्हास्कोशियात त्यांची एवढी गर्दी झाली की १७८४ साली त्या प्रांतातून न्यू ब्रन्सविक हा निराळा प्रांत काढावा लागला.

हे सगळे बडे जमीनदार होते, अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. त्यांत शेतकरी होते, कारागीर होते, जर्मन व डच कुळांतील लोक होते, जोसेफ ब्रँटच्या नेतृत्वाखालील मोहॉक होते आणि गुलामगिरीतून सुटलेले आफ्रिकी वंशाचे स्त्रीपुरुषही होते. आज त्यांचे वंशज आपले मूळ शोधतात. कॅनडात १९१४ साली कायदेशीर रूप मिळालेली राजनिष्ठांच्या वंशजांची एक संस्था आहे. ती वंशजांना दाखला देते. त्यासाठी स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जात प्रत्येक दुवा कागदाने सिद्ध करावा लागतो. आजीने सांगितलेली गोष्ट पुरेशी होत नाही.

सुदैवाने कागद विपुल आहेत, कारण सरकार या लोकांचे देणे लागत होते. १७८३ साली लंडनमध्ये नुकसानभरपाईसाठी एक आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे आलेल्या अर्जांत शेती, गुरेढोरे, घरातील सामान यांच्या तपशीलवार याद्या सापडतात. ही दप्तरे आज लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. निर्वासितांना शिधा वाटताना केलेल्या याद्या गव्हर्नर हॅल्डिमंड यांच्या कागदपत्रांत आढळतात. पुढे ९ नोव्हेंबर १७८९ रोजी लॉर्ड डॉर्चेस्टर यांनी राजनिष्ठांच्या नावांची नोंदवही ठेवण्याचा आदेश काढला आणि त्यांच्या मुलामुलींना प्रत्येकी दोनशे एकर जमीन देऊ केली. मुलाला ती वयात आल्यावर मिळे. मुलीला वयात आल्यावर किंवा त्याआधी लग्न झाल्यास तेव्हा. या एका अटीचे फळ मोठे आहे. लग्नानंतर आडनाव बदलले की स्त्रीचा माग सहसा हरवतो. परंतु येथे तिच्या अर्जात वडिलांचे व पतीचे अशी दोन्ही नावे येतात आणि तुटलेला धागा पुन्हा जुळतो.

वाटेत फसगतीच्या जागाही आहेत. इंग्रज कारकुनांनी जर्मन आडनावे कानाला लागली तशी लिहिली. त्यामुळे एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने दिसते. शिवाय १७९० नंतर केवळ स्वस्त जमिनीच्या ओढीने आलेल्या अनेक अमेरिकनांना घरच्या परंपरेने राजनिष्ठ ठरवून टाकले आहे. म्हणून पूर्वज कोठून आला एवढेच पाहून भागत नाही. तो केव्हा आला हेही पाहावे लागते.

सर्वांत विलक्षण कागद आहे तो 'बुक ऑफ निग्रोज' या नावाने ओळखली जाणारी १७८३ ची नोंदवही. बंडखोर मालकांना सोडून येणाऱ्या गुलामांना ब्रिटिशांनी आश्रयाचे व मुक्ततेचे वचन दिले होते. तहात मात्र अमेरिकनांची 'मालमत्ता' न नेण्याची अट आली. सेनापती कार्लटन यांनी दिलेला शब्द मोडण्यास नकार दिला. पण पुढे भरपाईचा प्रश्न निघाल्यास हिशेब असावा म्हणून जाणाऱ्यांची यादी करविली. सुमारे तीन हजार लोकांचे नाव, वय, वर्णन, पूर्वीचा मालक आणि जहाज तीत नोंदले आहे. नोव्हास्कोशियात त्यांना जमिनी उशिरा व तुटपुंज्या मिळाल्या, अनेकांना मिळाल्याच नाहीत. १७९२ साली त्यांच्यापैकी सुमारे बाराशे जण हॅलिफॅक्सहून सिएरा लिओनला गेले आणि त्यांनी फ्रीटाउन वसविले. त्यांच्या वंशजांचा शोध म्हणून अटलांटिक दोनदा ओलांडतो.

या विखुरलेल्या माणसांची एक वाट मराठ्यांच्या इतिहासातही येते. विल्यम लिनियस गार्डनर न्यूयॉर्क प्रांतात जन्मला. आई तेथील लिव्हिंग्स्टन घराण्यातील, वडील ब्रिटिश फौजेतील अधिकारी. तो हिंदुस्थानात येऊन यशवंतराव होळकरांच्या चाकरीत राहिला, खंबायतच्या नवाबघराण्यातील कन्येशी त्याने विवाह केला आणि अखेर उत्तर प्रदेशातील कासगंजजवळ स्थायिक झाला. तेथेच १८३५ साली त्याचा अंत झाला. त्याच्या वंशजाला हडसन नदीचे खोरे गाठायचे, तर आधी होळकरशाहीतून जावे लागेल.

पूर्वजांच्या निष्ठेचा अभिमान मनात धरून शोधाला निघालेल्या माणसाला दप्तरात कधी कधी नको असलेली ओळही भेटते. नुकसानभरपाईच्या अर्जात गुरांच्या शेजारी गुलामांची नावे आणि त्यांच्या किमती लिहिलेल्या असतात. ती ओळ वगळून वंशावळ पूर्ण होऊ शकते. कोणी आडकाठी करणार नाही. परंतु त्या ओळीतील नावाचे वंशजही कोठेतरी आपले मूळ शोधीत असतात, आणि त्यांना दाखविण्यासारखा कागद पुष्कळदा तेवढा एकच असतो.