न वितळवता घडणारं लोखंड



आमच्या गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, दोघींच्या कर्जाचे अर्ज झाले, आणि सगळ्या उठत असताना एक ताई मागे थांबल्या. त्यांचे मालक फाउंड्रीत भट्टीवर कामाला आहेत. लेक बारावी सायन्स झाली, सीईटीला बरे मार्क पडले, आणि आता ती म्हणते, मला मेटलर्जीला, म्हणजे धातुशास्त्राला जायचं आहे. ताई म्हणाल्या, "मॅडम, बापानं वीस वर्सं धूर खाल्ला. आता लेकीला पण भट्टीवरच घालू व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. मी बी.ए. झालेली, धातूचं मला काय कळणार! पण चौकशी केली आणि ताई, त्यांची लेक आणि मी अशा तिघी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची धातुशास्त्राची प्रयोगशाळा बघून आलो. तिथे जे बघितलं, ते आज सांगते.

आपल्या कोल्हापूरला लोखंड म्हटलं की उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव डोळ्यासमोर येतं. तिथल्या फाउंड्रीत लोखंड वितळवतात आणि वाळूच्या साच्यात ओततात. त्याला ओतकाम म्हणतात. आपल्याला वाटतं, लोखंडाची वस्तू करायची म्हणजे एवढीच एक वाट. पण दुसरीही वाट आहे. लोखंडाची पावडर करायची, ती साच्यात दाबायची आणि न वितळवता भट्टीत भाजायची. या विद्येला पावडर मेटलर्जी म्हणतात. आपण तिला चूर्ण-धातुशास्त्र म्हणू.

आता ही पद्धत पायरीपायरीने बघू. ऐकताना तुम्हाला आपलं स्वयंपाकघरच आठवेल.

पहिलं काम चाळण्याचं. प्रयोगशाळेत पितळी चाळण्यांची चवड होती. वरची मोठ्या भोकांची, खालची त्याहून बारीक, अशी उतरती. पावडर वर घालून यंत्राने हलवतात आणि कुठल्या चाळणीवर किती राहिलं ते वजन करून लिहितात. ताईंनी लगेच विचारलं, "वर राहिलेल्या भरडाचं काय करता?" सर म्हणाले, टाकत नाही, पुन्हा दळतो. आणि काशाची गोल, भरड पावडर असेल तर ती गाळणी करायला चालते. त्यातून तेल किंवा हवा जाते आणि कचरा अडतो.

दुसरं काम नरसाळ्याचं. बरोबर ५० ग्रॅम पावडर एका छोट्या नरसाळ्यातून सोडतात आणि किती सेकंदात खाली आली ते घड्याळावर मोजतात. पावडर अडखळली तर कारखान्यात साचा सारखा भरणार नाही. मग एक नग जड, एक हलका.

तिसरं काम मापाचं. आपण मापटं नुसतं भरलं तर धान्य कमी बसतं, ठोकून भरलं तर जास्त बसतं. तिथेही पावडर आधी सैल भरून आणि मग ठोकून मोजतात. या दोन मापांतला फरक बघून पावडर दाबली की किती बसेल याचा अंदाज येतो.

चौथं काम दाबण्याचं. पावडरीत थोडं मेणासारखं वंगण मिसळतात, म्हणजे ती साच्याला घासत नाही आणि तुकडा सुटून येतो. मग पोलादी साच्यात भरून वरून-खालून दाब देतात. लोखंडाच्या पावडरीला एका चौरस सेंटीमीटरला साधारण चार ते सहा टन दाब लागतो. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर एक हत्ती उभा! इतकं दाबूनही निघालेला तुकडा कच्च्या विटेसारखाच असतो. आकार धरतो, पण हातातून पडला की फुटतो.

म्हणून पाचवं काम भाजण्याचं. खरी करामत इथे आहे. लोखंड वितळतं १५३८ अंशांना. पण हे तुकडे भाजतात साधारण ११२० अंशांना, म्हणजे वितळण्याच्या बऱ्याच अलीकडे. मग चिकटतात कसे? पावसाळ्यात गुळाच्या पावडरीचा डबा उघडला तर पावडरीचा गोळा झालेला असतो. कोणी ती वितळवलेली नसते, ओलीने कण एकमेकांना धरतात. धातूच्या पावडरीत हे काम उष्णता करते. दोन कण जिथे टेकतात तिथे धातूचे अणू सरकत येतात आणि मध्ये बारीक मान तयार होते. ती मान जाड होत जाते आणि सगळे कण मिळून एकजीव तुकडा होतो. भट्टीत साधी हवा ठेवत नाहीत. हवेने तापलेलं लोखंड खराब होतं, म्हणून आत नायट्रोजन, हायड्रोजन असे वायू सोडतात.

तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध? आपला मिक्सर घ्या. त्याच्या मोटारीत दांडा ज्यात फिरतो तो काशाचा छोटा बुश पुष्कळदा पावडरीचाच असतो. साधारण नऊ भाग तांबं आणि एक भाग कथील. तो मुद्दाम पूर्ण घट्ट करत नाहीत. त्याच्या आकारमानाचा सुमारे पाचवा हिस्सा बारीक भोकांचा असतो आणि त्या भोकांत तेल मुरवलेलं असतं. मोटार फिरली, गरम झाली की तेल बाहेर येतं. थांबली की पुन्हा आत शोषलं जातं. म्हणून त्याला रोज तेल घालावं लागत नाही. असा बुश रॉकेलने धुऊ नये, मुरलेलं तेल निघून जातं.

शेतात बोअर मारतात त्या हातोड्याच्या तोंडाला टणक बटणं बसवलेली असतात. ती टंगस्टन कार्बाइडची. टंगस्टन हा धातू ३४२२ अंशांना वितळतो. त्याला ओतायला भट्टी आणि साचा कुठून आणणार? म्हणून टंगस्टन कार्बाइडची पावडर घेतात, चिकटवणीला कोबाल्ट घालतात, दाबतात आणि भाजतात.

आणि ज्या रेडिओवरून माझा आवाज येतो आहे, त्याच्या स्पीकरमागचा काळा चुंबक बघा. तो बहुधा फेराइटचा असतो. फेराइट म्हणजे धातू नव्हे, लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेला चिनी मातीसारखा पदार्थ. पण त्याची रीत हीच, दळा, दाबा, भाजा. या फेराइटवर आपल्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, कित्येक वर्षं संशोधन होत आलं आहे. हे विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं. तेव्हापासून आपल्या भागातली कितीतरी शेतकऱ्यांची पोरं तिथे शिकून गेली. फेराइटचा अभ्यास करणारा विद्यार्थी खलात पावडर तासन् तास घोटतो, एकदा भाजतो, पुन्हा घोटतो, दाबून चकती करतो आणि पुन्हा भाजतो. मग ती चकती चुंबकाला, विजेला कशी वागते ते मोजतो. घोटण्यात किंवा आचेत फरक पडला की चकतीचा गुण बदलतो. म्हणून कितीला, किती वेळ, किती आच, हे सगळं वहीत लिहायचं. आपल्या गटाची वही जशी रुपया-रुपयाची, तशी त्यांची अंशा-अंशाची.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. पहिली गोष्ट, धातुशास्त्र शिकणं म्हणजे भट्टीवर ओतायला उभं राहणं नव्हे. पावडर तपासणं, तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, टणकपणा मोजणं, भट्टीचं तापमान ठरवणं, नग का फुटला त्याचं कारण शोधणं ही त्यातली कामं आहेत. आपल्या फाउंड्रीलाही अशी माणसं लागतात.

दुसरी गोष्ट, धोका नाही असं मी म्हणणार नाही. बारीक धातूची धूळ छातीत जाऊ देऊ नये. कोबाल्टची तर मुळीच नको. मास्क आणि धूळ ओढणारा पंखा पाहिजेच. अॅल्युमिनियमची बारीक पावडर पेट घेऊ शकते आणि तिच्यावर पाणी टाकायचं नसतं, कोरडी वाळू टाकायची असते. लेकीने कॉलेज बघायला गेल्यावर हे नियम पाळतात का, ते विचारावं.

तिसरी गोष्ट, पावडरीने सगळं होत नाही. पोलादी साचा महाग पडतो, म्हणून हजारोंनी सारखे नग लागत असतील तरच ते परवडतं. मोठी, जड वस्तू ओतकामानेच करावी लागते. त्यामुळे बापाची विद्या काही मोडीत निघत नाही.

शिकायची ठिकाणं दूर आहेत, ही अडचण खरी. पुण्याचं सीओईपी १८५४ पासूनचं, २०२२ साली ते विद्यापीठ झालं. तिथे धातुशास्त्राची पदवी मिळते. नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि मुंबईच्या आयआयटीतही आहे. पदवी नको असेल तर पॉलिटेक्निकची पदविका असते, ती जवळपास कुठे आहे ते प्रवेशाच्या यादीत बघावं.

खर्चाचं म्हणाल तर २०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. प्रवेश मात्र कॅप फेरीतून घ्यावा लागतो. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची आहे, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते, निवड गुणांवर होते. म्हणून उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर आत्ताच काढून ठेवा. दाखला नाही म्हणून जागा गेली असं व्हायला नको. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च उरतोच, तो धरूनच हिशेब मांडा.

प्रयोगशाळेतून येताना एसटीत ताई बराच वेळ गप्प होत्या. कागलच्या फाट्याला म्हणाल्या, "चाळणं, मापणं, भाजणं. हे तर मला येतंय की. ती शिकंल." मग थोड्या वेळाने, "पण पुण्याला एकटी राहणार, त्याचं काय?" त्या प्रश्नाचं उत्तर धातुशास्त्रात नाही. त्यावर घरात बोलणं चालू आहे, मालकांनाही एकदा प्रयोगशाळा दाखवायचं ठरलं आहे. अर्जाला अजून दिवस आहेत.

तुमच्या गटातही अशी लेक असेल, तर आधी तिला आणि तिच्या आईला एकदा प्रयोगशाळा दाखवा. नाही म्हणायचं की हो म्हणायचं, ते बघून आल्यावर ठरवा.