हिमनदीची माघार आणि गाळातील कार्बन

गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आर्क्टिकमधील स्वालबार्ड द्वीपसमूहावर २००८ पासून ‘हिमाद्री’ हे स्थानक चालवते. तेथील कोंग्सफियोर्डन या फियोर्डमध्ये, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या आणि समुद्राने भरलेल्या अरुंद दरीत, २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ ही पाण्याचे तापमान व क्षारता सतत नोंदवणारी उपकरणमालिका बसवण्यात आली. या फियोर्डच्या आतल्या टोकाशी समुद्राला भिडणाऱ्या हिमनद्या मागे हटत असल्याने, मोकळ्या होणाऱ्या समुद्रतळात कार्बन किती साठतो, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

बर्फ हटून पाण्यावर प्रकाश पडू लागला की वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतात व पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड शोषतात. त्यांच्या अवशेषांपैकी जो भाग हिमनदीने आणलेल्या बारीक मातीखाली लवकर गाडला जातो, तो कुजण्यापासून वाचून दीर्घकाळ वातावरणाबाहेर राहतो. जगातील फियोर्ड महासागराच्या पृष्ठभागाचा ०.१ टक्क्याहून कमी भाग व्यापत असले, तरी समुद्रात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे ११ टक्के त्यांच्या तळाशी जातो, असा अंदाज आहे.

तथापि, प्लवकांची वाढ म्हणजे साठवण नव्हे. गोव्यातीलच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसह २००९ मध्ये दक्षिण महासागरात लोह मिसळून ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला, तेव्हा प्लवक वाढले, पण सूक्ष्म प्राण्यांनी ते खाऊन टाकल्याने खोल पाण्यात फारच थोडा कार्बन उतरला. शिवाय हिमनदी समुद्र सोडून जमिनीवर सरकली, की तिच्या तळातून उसळणाऱ्या वितळपाण्याबरोबर खोलातील पोषकद्रव्ये वर येणे थांबते, आणि गढूळ पाणी प्रकाशही अडवते.

कोंग्सफियोर्डनच्या गाळातील सगळा कार्बन नवा नसतो, ही आणखी एक अडचण आहे. ‘हिमाद्री’ जेथे आहे ते फियोर्डकाठचे न्यू-ऑलेसुंड हे मूळचे कोळशाच्या खाणींचे गाव असून परिसरातील खडकांत प्राचीन कार्बन आहे. हिमनद्या तो खरवडून समुद्रात आणतात. कोट्यवधी वर्षांच्या त्या कार्बनमध्ये कार्बन-१४ हे किरणोत्सारी रूप उरलेले नसते, म्हणून त्याच्या मोजमापाने जुना साठा आणि वातावरणातून नव्याने शोषलेला कार्बन वेगळे ओळखता येतात. असा हिशेब न करता गाळातील सर्व कार्बन जमेस धरणे चुकीचे ठरेल.

नव्या समुद्रतळातील ही साठवण मोलाची असून, तळ खरवडणाऱ्या जाळ्यांपासून तिचे रक्षण व्हायलाच हवे; मात्र सूर्यप्रकाश परतवणाऱ्या बर्फाची हानी त्यातून भरून निघत नाही, त्यामुळे इंधनातून होणारे उत्सर्जन कमी करण्याची निकड तसूभरही कमी होत नाही.