एका संख्येचीं तीन कुळें

एकास सातांनीं भागूं लागलें म्हणजे १४२८५७ हे सहा अंक पुनःपुन्हां येत राहतात. या संख्येची दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१. सहापटीपर्यंत तेच अंक त्याच क्रमानें फिरतात, आणि सातपट केली कीं ९९९९९९! हा चक्रगुण जुनाच. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं संख्यांचीं आणखी कुळें लाविलीं, त्यांपैकीं दोहोंत ही बसते.

हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे तुकडे करून बेरीज घ्यावी; मूळ संख्या परत येते. अशीस आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. शिवाय अंकांची बेरीज २७, आणि २७ नें हिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांस त्यांनीं ‘हर्षद’ म्हटलें. नाव मोठें गोड आहे! देवळालीपासून दूर, भद्रावतीस बसूनही हा पडताळा पाटीवर घेतां येतो. घरांतील मुलांस अवश्य द्यावा.

हे गुण दशमान लेखनाचे, संख्येचे नव्हेत, म्हणून अनेक गणितज्ञांनीं हें काम क्षुल्लक मानिलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें त्यावर लिहिलें, तेव्हां कापरेकरांस जगभर कीर्ति मिळाली. आक्षेप अगदींच खोटा नाहीं. पण आम्हांस तो अपुरा वाटतो. चमत्काराखालीं कारण असतें. हिच्यांतून एक वजा करून सातांनीं भागावें: २०४०८, म्हणजे वर्गाचा डावा तुकडाच! आणि ९९९९९९ हे दशलक्षाहून एकानेंच कमी असल्यामुळें, डावीकडे जितके गेले तितकेच उजवीकडे उणे पडतात.