माळ म्हणजे पडीक जमीन?

दरवर्षी जुलै महिन्यात शाळाशाळांतून वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. मोकळी जागा कुठली? तर गावाबाहेरचा माळ. मुलं रोपं घेऊन माळावर जातात, खड्डे खणतात, झाडं लावतात. विद्यार्थी असताना मीही सोलापूरकडच्या एका माळावर असे खड्डे खणले आहेत. ओसाड जागा हिरवी केली, याचं तेव्हा समाधान वाटलं होतं. पुढे गवताळ प्रदेशांचा अभ्यास करू लागल्यावर लक्षात आलं, की ती जागा ओसाड नव्हतीच. मग ती काय होती?

सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा आहे. इथे वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. माती मुरमाड आणि पातळ. अशा जागी दाट जंगल वाढत नाही. गवत वाढतं आणि मधूनमधून हिवर, बोर, खैर अशी विखुरलेली झाडं. कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी ही इथली गवतं. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार सांगितले. त्यांपैकी ‘सेहिमा-डायकँथियम’ हा आपला प्रकार. पवन्या ‘सेहिमा’ प्रजातीतला, तर मारवेल ‘डायकँथियम’ प्रजातीतलं.

या गवतांची घडण समजून घेण्यासारखी आहे. शेळीने रोपाचा शेंडा खाल्ला, तर रोपाची वाढ खुंटते. गवताच्या पात्याची वाढ मात्र तळाकडून होते. वरचा भाग जनावरांनी खाल्ला किंवा वणव्यात जळाला, तरी जमिनीलगतचे कोंब शाबूत राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतात. दुसरी गोष्ट प्रकाशसंश्लेषणाची. कडक उन्हात बहुतेक वनस्पतींचं विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजन पकडतं आणि बरीच ऊर्जा वाया जाते. माळावरची बहुतेक गवतं कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बन असलेल्या संयुगात बांधून घेतात, मग पानाच्या आतल्या पेशींत साठवून वापरतात. यांना ‘सी-४’ वनस्पती म्हणतात. आपली ज्वारी, बाजरी आणि ऊस हे याच गटातले. मात्र या गवतांना भरपूर ऊन लागतं. सावली दाट झाली, की ती मरतात.

गवताचा मोठा भाग जमिनीखाली असतो. मुळांचं जाळं माती धरून ठेवतं, पाणी मुरायला मदत करतं. जुनी मुळं कुजून कार्बन मातीत साठत जातो. जंगल पेटलं तर खोडाफांद्यांतला कार्बन हवेत जातो. माळ पेटला तरी मातीतला साठा बहुतांशी तसाच राहतो.

‘पूर्वी इथे जंगल होतं, ते तोडल्यामुळे माळ झाला,’ असं आपण ऐकतो. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण सगळे माळ असे तयार झालेले नाहीत. शिवालिक टेकड्यांमधल्या जुन्या मातीतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून कळतं, की सी-४ गवतं भारतीय उपखंडात सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी पसरली. तेव्हा कुऱ्हाड नव्हती आणि शेतीही नव्हती. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी वाङ्मयात आणि ओव्यांत आलेल्या रानटी वनस्पतींचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या बऱ्याचशा वनस्पती उघड्या, गवताळ रानातल्या निघाल्या. पंढरपूरच्या मंदिरातला, कान्होपात्रेच्या कथेतला तरटीचा वृक्ष आठवा. तरटी ही अशाच कोरड्या, मोकळ्या रानातली वनस्पती आहे.

मग माळ ‘पडीक’ कधी ठरला? इंग्रजी अमलात ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक, असा हिशोब होता. तोच शब्द पुढे आपल्या कागदपत्रांत राहिला. पडीक म्हटलं, की ती जागा कशालाही देता येते. पाणी आलं तिथे ऊस आला. इतरत्र कारखाने, वसाहती, सौर प्रकल्प आणि गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांची लागवड झाली.

याची किंमत कोण मोजतं? माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. शत्रू दुरून दिसणं हेच तिचं संरक्षण. झाडी वाढली, की ते जातं. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात अभयारण्य झालं, पण आज नान्नजच्या माळावर हा पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला आहे. देशात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत, तेही बहुतेक राजस्थानात. लांडगा, खोकड, काळवीट, तणमोर, धाविक यांचंही घर हेच. आणि धनगरांचं काय? पावसाळ्यात त्यांची मेंढरं याच माळांवर चरतात. माळ गेला की कळप शेतांच्या बांधांवर येतात आणि भांडणं सुरू होतात. अतिचराईने माळाचं नुकसान होतं हे खरं. पण चराईची जागाच आक्रसली, तर उरलेल्या तुकड्यावर ताण वाढणारच.

याचा अर्थ झाडं लावू नयेत असा नाही. शाळेचं आवार, रस्त्याच्या कडा, ओढ्याचे काठ इथे देशी झाडं जरूर लावावीत. माळावर मात्र खड्डा खणण्याआधी एक उपक्रम करून पाहा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुलांना माळावर न्या. सुतळीने एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा. त्यात गवताचे किती प्रकार आहेत, किडे-कोळी किती, शेणकिडे आहेत का, याची नोंद करा. तोच चौकोन दाट लागवडीखाली आखून तुलना करा. गवतांची नावं गावातल्या मेंढपाळांना विचारा. ती त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. नोंदवही भरली, की मुलांनाच विचारा: ही जागा पडीक आहे का?