पडद्याबाहेरचे ‘स्टार वॉर्स’

‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेच्या चाहत्यांचा पहिला ‘सेलिब्रेशन’ मेळावा एप्रिल १९९९च्या अखेरीस अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या विमान संग्रहालयात भरला. मालिकेतला ‘द फँटम मेनेस’ हा नवा चित्रपट पडद्यावर यायला तीनेक आठवडे होते. नेमका पाऊस कोसळला, तंबूंभोवती चिखल झाला. तरी माणसे भिजत रांगेत उभी राहिली.

तेव्हापासून ‘स्टार वॉर्स सेलिब्रेशन’ देशोदेशी फिरते आहे. २०२३ला लंडन, २०२५ला टोकियोजवळचे चिबा. नव्या चित्रपटांच्या घोषणा, कलाकारांच्या सह्या हे सारे तिथे असतेच (सह्यांचे पैसे वेगळे!). पण खरी गंमत गर्दीत. १९९७मध्ये सुरू झालेल्या ‘५०१ लीजन’ या चाहत्यांच्या संघटनेचे सभासद चित्रपटांतल्या साम्राज्याच्या सैनिकांची पांढरी चिलखते घालून हिंडतात. पोशाख स्वखर्चाने जमवायचा आणि तो ठरलेल्या नमुन्याबरहुकूम नसेल, तर सभासदत्व नाही. हीच मंडळी एरवी रुग्णालयांत आजारी मुलांना भेटतात, समाजकार्यासाठी निधी उभारतात. काही हौशी तर चित्रपटांतला ‘आर-टू-डी-टू’ हा यंत्रमानव घरीच बनवून आणतात. तो चालतो, शिट्ट्याही घालतो.

असला खटाटोप वेडेपणाचा वाटेल, पण त्यामागचे कसब अस्सल आहे.

पुढचा मेळावा एप्रिल २०२७मध्ये लॉस एंजेलिसला ठरला आहे. त्याच वर्षी मूळ चित्रपटाला ५० वर्षे पूर्ण होतील.